ओळ संपताना

रात्री अकराला सातपूरच्या ऑफिसात
डिफ उघडला, तर चौदाशे ओळी लाल.
वाचत गेलो.
स्वल्पविरामही जागचा हलला नव्हता.

हेमांगीचं विंडोज, माझं लिनक्स.
तिच्याकडे ओळ संपली की
एक न दिसणारं चिन्ह मागे राहतं,
कॅरेज रिटर्न.

म्हणजे शालिमारच्या जिन्यावरचा
खैरनार सरांचा टायपिंग क्लास.
घंटी वाजली की डाव्या हाताने दांडा,
गाडा खडखडत परत.
आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात,
गाडा मात्र येतोच आहे,
रिकामा,
प्रत्येक ओळीच्या टोकाला.

सेटिंग बदलली. लाल विझलं.
उरली हेमांगीने खरोखर बदललेली ओळ:
द्राक्षपेटीचं वजन, पाचऐवजी साडेचार किलो.

तीच नेमकी चुकलेली.