फावेल

दांडिया बाजारात, चष्म्याच्या दुकानावर,
अठरा पायऱ्या चढून आलं की माझा क्लास.
अकरा जण. सगळ्यांची तोंडं कॅनडाकडे.
फळ्यावर आज तीन शब्द:
स्ट्रेंजर, फॉरेनर, आउटसायडर.

ध्रुमिल म्हणाला, मॅडम, तिन्ही एकच ने? बहारनो.
त्याचं एका शब्दात उरकतं.

मी सांगितलं,
स्ट्रेंजर म्हणजे ज्याचं नाव अजून विचारलं नाही तो.
खाली काचा पुसायला परवा आलेला पोरगा.
दोनदा चहा आणून दिला की संपला शब्द.
फॉरेनर पासपोर्टात राहतो.
काचेपलीकडचा माणूस शिक्का मारून ठरवतो,
आणि पुष्कळ वर्षं भरली की कधी कधी खोडतोही.

आउटसायडर.
इथे खडू तुटला.
आउटसायडरला सगळ्यांची नावं ठाऊक असतात,
कागदही चोख असतात त्याचे.
फक्त तो खोलीत आला
की बोलणं जरा हळू होतं,
किंवा जरा जास्तच मोठ्याने.

जिगीषाने वहीत उतरवलं: मोठ्याने.

उदाहरण द्या ना, म्हणाली.
दिलं नाही.
साताऱ्याला मामेबहिणीच्या लग्नात
मामीने विचारलं होतं, गच्चीवर गादी टाकली तर चालेल?
मी म्हटलं, फावेल मला.
हळदीच्या हातांनी हसल्या सगळ्या.
अगं, फावतं ते लबाडाचं!
दोन दिवस तेच चाललं, फावलं का, फावलं का.
आमच्या घरात तर हा शब्द
अंगाला बसलेल्या ब्लाउजसारखा,
आजीपासून वापरात.
पाच पिढ्या बडोद्यात,
आणि खंडेराव मार्केटात वांगी तोलता तोलता बाई विचारते,
तमे महाराष्ट्रना?
हो म्हणते. सातारा आठवतो
आणि हो जरा उशिरा निघतं.

साडेसात वाजले. वह्या मिटल्या.
ध्रुमिलला एवढंच हवं होतं,
परीक्षेत यातला कुठला येतो.
कुठलाही येऊ शकतो, म्हटलं.

जिगीषा जिन्याशी थांबली.
सोळा तारखेचं तिकीट, मोठ्या बॅगेत
आईने आत्तापासून भरून ठेवलेले खाखरे.
मॅडम, मने त्यां फावशे ने?

डस्टर हातातच होतं.
या शब्दाला इंग्रजी शोधत
मी अर्धा फळा पुसला.
मग म्हटलं, फावेल.