तळाचा हिरवा

एटेल्का साबादोशचा रेडिओ तिच्या मुलाने आणला,
टॉवेलात गुंडाळून, आजारी कोंबडी आणावी तसा.
"हिरवा आहे," लेस्टर म्हणाला. "आई निळा म्हणते.
आई हल्ली बरंच काही म्हणते."

टोलेडोतला नोव्हेंबर. गॅरेजचं दार अर्धं वर,
सरोवरावरून आलेला वारा घोट्यांपाशी.
पाठ उघडली. आत धूळ, केसांतली एक पिन,
छताला व्हॉल्व्हच्या धगीचा तपकिरी चटका
आणि डायलपाशी केसाएवढी चीर.
ती मी भरत नाही. भरली की शेजारी दुसरी जाते.

कॅटलिन. प्लास्टिक अजून दागिना होतं तेव्हाचं.
त्याला घाई खपत नाही.
मोटरचं चाक लावा, तापतं, डाग धरून बसतं.
म्हणून हात. पाणी. चारशेचा कागद, मग आठशेचा,
गोल नाही, एकाच दिशेने,
आणि ओल्या पिठीतून तो वास वर येतो:
जुना दवाखाना, नुकती पुसलेली फरशी.
फडकं पिवळं होतं. धुवा, पुन्हा पिवळं.
सत्तर उन्हाळे नळाखाली वाहून जातात.

डाव्या कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत,
निळा.

आधी वाटलं, सावली असेल. दिव्याखाली धरला.
शाईचा निळा, त्यात दुधाची एक रेघ फिरलेली.

हात पुसून फोन केला.
"लेस्टर, निळा आहे."
पलीकडे बराच वेळ फक्त त्याचा फ्रीज घुरघुरत होता.
मग म्हणाला, "ती म्हणते, बाबा गायचे.
संध्याकाळी, रेडिओबरोबर, भांडी विसळताना.
मी कधी ऐकलं नाही.
मी तिला म्हटलं, आई, ते दुसरं कुणी असेल."

यावर घासायला माझ्याकडे कुठलाच कागद नाही.

आणखी नऊ दिवस लागले. तळ मात्र सोडला.
तिथे हिरवा आहे तसाच ठेवला, मुलाच्या वाट्याचा;
तोही त्याच रंगासमोर जेवून मोठा झालाय.

पोचवायला मीच गेलो.
एटेल्काने धड पाहिलंसुद्धा नाही. तिला कसलं आश्चर्य?
बटणाला अंगठा लावला, आवाज जरा कमी केला,
दुसऱ्या कुणाचा ऐकू यावा इतका.

उन्हात ठेवू नका, मी म्हटलं, पुन्हा हिरवा पडेल.
"हो, हो," म्हणाली,
आणि ठेवला खिडकीत, सिंकच्या वर,
त्याच्या जागेवर.