अस्तर

काचेच्या पट्टीवर दोन ठिपके,
एक पांढरा, एक पिवळट.
दहा सेकंदांत एकजीव करायचे,
मग ते ऐकत नाहीत.

माझगावात, जिन्याखालचा दवाखाना.
गोदीतून रिटायर झालेले घाग आ वासून पडलेत.
"नस अगदी जवळ आहे," डॉक्टर डिमेलो पुटपुटतात,
"पातळ लाव."
मी सळईच्या टोकावर
मोहरीएवढं उचलते. त्याहून कमीच.

"काय आहे ते?"
"चुनाच, काका."
गालातला कापूस सावरत घाग हसतात:
"लावला पुष्कळांनी.
सांगून लावणारी तूच."

वर चांदी बसेल,
ती आरशात दिसेल, बिलातही.
हा खाली,
अंधारात दाताला सांगत राहील:
घाल भिंत.
तुझी तू.