रकाना सात

सगुण गावसाने अर्ज दिला तेव्हा
मी सांग्याच्या कचेरीत, शस्त्र परवान्यांच्या टेबलावर,
निवडणूक तोंडावर, म्हणून
रानडुकरांसाठीच्या बंदुका जमा करून घेत होतो,
एकेकीला चिठ्ठी बांधून, लग्नातल्या आहेरासारखी.

विषय : गोळी न लागणारं जाकीट
अंगात घालण्यास परवानगी मिळण्याबाबत.
खाली बारीक अक्षरात : जाकीट आधीच घेतलेलं आहे.

पुस्तक चाळलं. बंदुकीला कलम होतं,
काडतुसाला होतं, गुप्तीला,
पात्याची लांबीसुद्धा दिलेली.
छातीबद्दल मला काही सापडलं नाही.

साहेब म्हणाले, बंदी नाही ते चालतं.
मग पेनाचं टोपण चावत, पण उद्या
एखादा हे घालून बँकेत शिरला
तर पोलिसाने गोळी कुठं मारायची?
हेही खरंच.
वर विचारलं. वरून आला एक कोरा नमुना,
बंदुकीचाच, एक शब्द खोडून.
रकाना सात : कोणापासून भीती आहे, नाव व पूर्ण पत्ता.

सगुण तो रकाना वाचत राहिला.
ट्रकांविरुद्धच्या निवेदनावर पहिली सही त्याची.
झरीचं लाल पाणी बाटलीत भरून
याच टेबलावर ठेवलं होतं त्याने. डाग अजून आहे.
जाकीट शर्टाआड होतंच,
कायतान शिंप्याने बगलेत सैल केलेलं,
बसताना पोटाशी दुमडत नव्हतं
म्हणून तो फोटोला बसल्यासारखा ताठ.

नाव लिहिलं तर कागद कुठं कुठं जाईल?
आधी पंचायतीत, म्हटलं. मग पोलिसांत.
मग अभिप्रायासाठी, ज्याचं नाव त्याच्याकडे.
तो हसला. जाकीट हललं नाही.

जड असेल, मी विचारलं.
घालून पळय मरे, म्हणाला.

रेकॉर्डच्या खोलीत, चिठ्ठ्या बांधलेल्या बंदुकांमध्ये
मी ते चढवलं. आत त्याचा घाम, नारळेलाचा वास,
आणि माझंच काळीज, शेजारच्या खोलीत कुणी
दार ठोठावावं तसं.
समोरच्या फळीवर ट्रकांची फाईल.
तिच्यावर सही माझी आहे,
सगुणला हे माहीत आहे की नाही
मला माहीत नाही.
पट्टे सोडवताना करकर आवाज झाला फार.

अर्ज अपूर्ण म्हणून परत पाठवायचा असतो.
अजून पाठवलेला नाही.
सगुण रोज सकाळी पोदेराकडून पाव घेतो,
भर उकाड्यात शर्टाची वरची गुंडी लावून.
मी आधी गुंडी बघतो,
मग त्याला हात करतो.