मोजणारी शेगडी

सकाळचे सात. म्हणजे अंधारच.
वेस्ट्रे बेटावर डिसेंबरात उजेड नऊनंतर येतो
आणि तीन वाजता
कंटाळलेल्या पाहुण्यासारखा कोट शोधू लागतो.

मी बाबांच्या जाळ्यांच्या खोलीत बसते.
आता तिला ऑफिस म्हणायचं.
भिंतींना अजून डांबराचा वास,
खिडकीच्या फटीत पावाची पिशवी कोंबलेली.
वारा तरीही आत.
तो इथलं जुनं कूळ,
भाडं देत नाही, जागाही सोडत नाही.

पायांत दोन मोजे, त्यांवर विल्फ्रेडचे लोकरीचे,
मांडीवर मेंढीचं कातडं,
हातमोज्यांची टोकं कापलेली.
मत्स्यशेतीवाल्या कंपनीचे पगार काढते मी,
चाळीस माणसांचे तास, रजा, समुद्रात गेलेले बूट.
आठ दाबताना गारठलेलं बोट नऊवर घसरतं
आणि कुणाच्या तरी घरी
एका तासाचा कोळसा जास्त जातो.

जुना संगणक विल्फ्रेडचा.
ट्रंकेएवढा, चालू करताना भुंकायचा.
भाऊ गेला त्याला हा तिसरा हिवाळा.
पेटीच्या मागून गरम श्वास यायचा
तिथे मी पाय ठेवायची.
वर मांजर.

ऑक्टोबरात कंपनीनं नवा पाठवला,
पुस्तकाएवढा, मुका,
दिवसभर राबवला तरी कपाळ गार.
सगळे म्हणाले, किती छान, तापतच नाही!
मांजर त्याच्यावर बसून पाहून उठलं
आणि माझ्याकडे असं बघत राहिलं
जणू मी बशीत दुधाऐवजी पाणी ओतलंय.

नोव्हेंबर सरेतो बोटं माझी राहिली नव्हती.
एका पोराला चारशेऐवजी चार हजार गेले.
त्यानं परत केले, वर दोन खेकडे पाठवले,
तेव्हा मात्र मला लाज वाटली.
कोळशाच्या खोलीतून जुनी ट्रंक ओढत आणली,
पुसली, लावली, पाय ठेवले.
गारच.
रिकामा संगणक तापत नाही
हे साठ वर्षांच्या बाईला सुचायला हवं होतं.
रिकाम्या माणसांत आयुष्य गेलंय माझं.

मग त्याला काम दिलं.
मूळ संख्या शोध म्हटलं, एकामागून एक,
ज्यांना दुसरं कुणी भागू शकत नाही अशा.
कुणालाच नकोयत त्या. मला तर मुळीच नकोत.
पंखा घुमू लागला,
अर्ध्या तासानं तळव्यांना मुंग्या,
मग घोट्यांपर्यंत
हळूहळू चढत आलेली ऊब.

शेजारचा ड्रेव्हर बिल पाहून हसला.
"थोरा, सरळ हीटर घे.
तेवढीच वीज, तेवढीच ऊब. हिशेब एकच."
हिशेब मलाही कळतो, पोट त्यावरच आहे.
पण हीटर तापतो आणि विसरतो.
हा तापता तापता पडद्यावर
एक ओळ ठेवतो, मग आणखी एक,
नुसते आकडे, लांबच लांब.
विल्फ्रेड शेवटी शेवटी
झोपेत बोटींची नावं घ्यायचा,
मी अर्थ लावत बसायची नाही,
खुर्ची जरा पुढे ओढायची, इतकंच.

काल वादळात वीज गेली.
पंखा थांबला आणि समुद्र एकदम
खोलीत येऊन उभा राहिला.
पेटीवर हात ठेवला. कोमट होती.
मांजरही हललं नाही.
थांबलेला शेवटचा आकडा
मी रोज संध्याकाळी पगारवहीच्या कोपऱ्यात
पेन्सिलीनं उतरवून ठेवते,
सकाळी कुठून सुरुवात करायची ते कळावं म्हणून.
टॉर्च लावून कालचा पाहिला.
तीननं भागून बघितलं. मग सातनं. मग अकरानं.
बाकी उरतच होती.
तेरापर्यंत गेले,
बोटं गरम होती तोवर.