टाच मोडलेलं अक्षर

औशाच्या जुन्या स्टँडासमोर, पोत्याच्या सावलीत
बाबांच्या शेजारी बसून मी शब्दकोश उघडते.
चिनी शिकायचं माझं हे तिसरं वर्ष,
आणि त्यात पगार किती, हे बाबांनी
अजून एकदाही विचारलेलं नाही.

आज एक अक्षर सापडलंय : 靸
चिनी माणसांनाही सहसा न लागणारं.
अर्थ, टाच मोडून
सपातेसारखा ओढत घातलेला जोडा.

बाबा रापी खाली ठेवतात.
"असल्या खोडीला अक्षर दिलं त्यांनी?
हितं घसा बसला माझा सांगून सांगून,
टाच मोडू नका, जोडा मरतो."

मग कपाळावरचा चष्मा नाकावर.
सहीपुरतं शिकलेला माणूस,
गायसमुद्रेमधला 'द्र' अजून त्यांना दमवतो.
अक्षराच्या डाव्या अंगावर काळं बोट टेकवून म्हणतात,
"हे कातडं हाय. ताणून वाळत घातलेलं.
हे डोकं, ह्या कडा, ही शेपटी."
मी कोशात बघते.
कोशही हेच म्हणतो, फक्त तीन ओळी जास्त घेऊन.

उजवं अंग त्यांना लागत नाही.
पुढं एक माणूस, मी सांगते, मागून त्याला धरणारा हात.
म्हणजे गाठणं. पोचणं.
"कोण कुणाला गाठायलंय?"
ते कोशात नाही.

उच्चार 'सा'. पण पेटीवरचा सरळ सा नव्हे,
आवाज आधी खाली जायला हवा, मग वर.
बाबांचा सा पाच वेळा सपाट पडतो.
सहाव्यांदा हातात आरी असते,
ती तळात खाली घुसते, दोरा घेऊन वर येते,
आणि तिच्याबरोबर तोंडातून, नकळत :
सा.
पुण्याच्या वर्गात हा सूर
मला चार महिने लागला नव्हता.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न.
सगळी गल्ली उठते, बाबाही उठतात,
स्वतःच्या जोड्यात अर्धेच पाय कोंबून
टाचा चिरडत, दोन्ही हातांत घागरी
सा सा सा सा
धुरळ्यात दिसेनासे.

बंद तुटलेली पिशवी घेऊन एक गिऱ्हाईक येतं.
"कुठं गेले मिस्त्री?"
पाण्याला, मी म्हणते. बसा.
आणि त्याच्या पायांकडं बघते.
त्याच्याही मोडलेल्या.