खरवड

काल रात्रीचा भात ट्रेमध्ये थापून ठेवला,
व्हिनेगर, साखर, मीठ लावून,
वर प्लास्टिक, त्यावर टोमॅटोचे दोन जड डबे.
सकाळी ट्रे उलटा केला
तर विटेसारखा धप्पकन पडला.

हमागुची-सान चार वाजता येणार आहेत.
एकोणीस वर्षं त्यांच्या सुशीच्या दुकानात
मी तांदूळ धुतले, मागच्या खोलीत,
पाणी नितळ होईपर्यंत, सात सात वेळा.
पुढच्या ओट्यावर, माशाजवळ, मला कधी उभं केलं नाही.
"बायकांचे हात गरम," म्हणायचे,
आणि ते गरम हात घेऊन मी
जानेवारीत नळाखाली, कोपरापर्यंत निळी.
शिळा भात गिऱ्हाइकापुढे गेला
तर दुकानाची पाटी उतरवीन, असंही म्हणायचे.
म्हणून तर आज शिळाच.

सुरी ओली करायची, दर कापाला पुसायची.
दोन बोटं रुंद, तीन बोटं लांब.
कडेचे वेडेवाकडे तुकडे
उभ्याउभ्या माझ्याच तोंडात.

तेल जेमतेम तळ झाकेल एवढं.
पहिला तुकडा मी घाईने उलटला.
अर्धा तव्याला, अर्धा सराट्याला,
मधे चार शितं लोंबत राहिली.
दुसऱ्याला हातच लावला नाही.
खिडकीतून स्टीव्हस्टनचा धक्का बघत राहिले,
नदीवर शिशाच्या रंगाचं ऊन,
लार्सनच्या बोटीवर पुठ्ठ्याची पाटी:
सॅमन, समुद्रातच गोठवलेला.
कालच घेतला त्याच्याकडून,
शेपटीकडचा, डॉलर कमी करून.
तडतड विरत गेली, चुरचुर उरली,
कडेला मधाचा रंग चढला
आणि तुकडा आपणहून सुटला,
दुधाचा दात सुटावा तसा.

मग सॅमन बारीक चिरला,
मेयोनीज, तिखट सॉस, कांद्याची पात,
हाताने कालवला. हो, हातानेच. गरम.
प्रत्येक तुकड्यावर चमचाभर,
वर हिरव्या मिरचीची चकती,
नाण्याएवढी, आरपार दिसणारी.
बारा तुकडे काळ्या ताटलीत.
दुकानातही इतक्या सरळ रांगा
मी कधी पाहिल्या नव्हत्या.

साडेतीनलाच आले.
बूट काढायला त्यांना वेळ लागतो,
मी मदत केली नाही, त्यांना चालत नाही.
एक तुकडा उचलला, खालून वरून पाहिला,
तोंडात घातला,
आणि जबडा तिथेच थांबला.

"नवीन कवळी," कागदी रुमालाआडून म्हणाले.
"नूडल्स, टोफू, पेज. एवढंच."
चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस
माझ्या टेबलाशी कान लाल करून बसलेला,
आणि माझ्या मनात
फक्त ते अकरा तुकडे मऊ पडत चालल्याचा राग.

मग त्यांनी चॉपस्टिकने
दुसऱ्या तुकड्यावरचा मासा अलगद बाजूला सारला,
एक कणही सांडू न देता,
भात वाडग्यात ठेवला,
आणि चहाची किटली मागितली.
चहा पडला तसा भात चर्रकन बोलला,
मग बुडबुडे, मग काहीच नाही.
ते कान देऊन ऐकत होते.

मासा माझ्या बाजूला सरकत राहिला.
मी बोटांनी खाल्ला, त्यांच्यासमोर बसून.
माझ्या बोटांकडे त्यांनी पाहिलं,
काही म्हणाले नाहीत.

पाचव्या तुकड्याला वाडगा खाली ठेवला.
"भात कधीचा?"
"कालचा."
बराच वेळ ओठ हलवत बसले,
कवळीत अडकलेलं शीत जिभेने शोधत.
"तव्याला काही लागलंय का?"

होतं. तो पहिला, घाईने उलटलेला.
सराट्याने खरवडून काढला,
काळा, तांबूस, तुकडे तुकडे,
आणि त्यांच्या वाडग्यात टाकला.
चहा या वेळी मीच ओतला.